एका कॅसेटची पोहोच

सन २००९. वैशाख. बुऱ्हाणपुरात बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, असा उन्हाळा.

ट्रान्सपोर्टच्या गोदामात एक कोपरा असतो. ज्या पार्सलांना घ्यायला कोणी येत नाही, ती तिथे साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही. साठतात. किश्शांचंही तसंच आहे. आम्ही चौघं एकाच गोदामात एकतीस वर्षं होतो, म्हणून आमच्याकडे जरा जास्त साठले. त्यातले त्या उन्हाळ्यातले तेवढे सांगतो.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी शंकर, डिस्पॅचचा मुकादम. मी मोजल्याशिवाय नग ट्रकवर चढत नसे. विष्णू बुकिंग क्लार्क. अक्षर छापल्यासारखं, बोलणं नसल्यासारखं. गुलाब ड्रायव्हर. विष्णूच्या वाटचंही तोच बोलायचा. आणि तुकईथडचा पंडित, हमालांच्या टोळीचा म्होरक्या, आता केळी लावतो. गोदाम बंद झालं, आम्ही म्हातारे झालो, पण पाचची वेळ सुटली नाही. रोज पाचला बुधवारा पेठेत माझ्या घरी.

आमच्या धंद्यात एका कागदाला फार मान. माल घेणारा बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, प्रतीवर सही करतो आणि ती प्रत आमच्याकडे परत येते. तिला पोहोच म्हणतात. पोहोच आली की विष्णू ती भिंतीवरच्या तारेत खोचायचा. आली नाही तर माल पोचलाच नाही, मग कोणी कितीही शपथा घेवोत.

गोदाम बंद झालं तेव्हा बाकीच्यांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. मी ती तार आणली.

माझी सून माधुरी शाळेत मास्तरीण आहे. मुलगा पुण्याला नोकरीला, ती इथल्या नोकरीसाठी माझ्याजवळ. मुलाने घरी कॉम्प्युटर ठेवला, नेमका त्या तारेखाली. एकदा ती म्हणाली, "बाबा, ही तार रिकामीच आहे. काढू का?"

"राहू दे."

"काही यायचंय का?"

"एक यायचंय."

*

ते एक काय, ते सांगायलाच हवं.

विष्णूच्या रेखाचं लग्न १९८९ मध्ये झालं. आमच्यातलं व्हिडिओ शूटिंग झालेलं पहिलं लग्न. पोरगी भिलाईला सासरी गेली. विष्णूने कॅसेट पार्सल केली, स्वतःच्या हाताने बिल्टी लिहून फाडली आणि मला म्हणाला, "शंकर, हे पोत्यात नको टाकू. गुलाबच्या केबिनमध्ये ठेव."

मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम. माल मालाच्या जागी. माझ्या गोदामातून आजवर सुई हरवली नाही!"

नागपूरला माल दुसऱ्या ट्रकवर चढला. भिलाईला एक नग कमी उतरला.

रेखा महिनाभर रोज तिथल्या ट्रान्सपोर्टवर जाऊन विचारायची. दुसरी कॉपी नव्हती. दोन वर्षांत विष्णूची बायको, कमलवहिनी, गेली. तिचा हलता-बोलता असा दुसरा काही पुरावा कोणाकडे नव्हता.

विष्णू मला एकदाच बोलला. "जाऊ दे."

शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या, हिशेब मिटला असता. ‘जाऊ दे’चं काय करायचं?

*

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या हेमंत फोटोवाल्याला मी दर दिवाळीला विचारायचो. "मूळ शूटिंगची कच्ची टेप आहे का रे कुठे?" तो म्हणायचा, "काका, त्यावर दुसरी लग्नं घेतली कधीच." पुढच्या दिवाळीला मी पुन्हा. एका दिवाळीला मला लांबून येताना बघून त्याने आत जाऊन शटर ओढलं. मी बाहेरून विचारलं.

वीस वर्षांनी, त्या वैशाखात, त्याने दुकान मोडायला काढलं. माळ्यावर एक टेप निघाली. धावत घरी आला.

"काका, तीनपैकी एकच आहे. हळदीची. चालेल?"

टेप त्याने कॉम्प्युटरात उतरवून दिली. माधुरीने लावली. धूर, बायका, हळद. मग कॅमेरा फिरला आणि कमलवहिनी समोर. हातात परात, कपाळावर घाम. पंजा पसरून कॅमेऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "माझं काय काढतो रे मेल्या, पोरीकडे फिरव ना ते!"

बस. एवढंच तिचं.

हेमंत म्हणाला, "काका, मीच तो मेल्या!" आणि डोळे पुसायला लागला.

*

रेखा आता कॅनडात. माधुरी म्हणाली, "डीव्हीडी करू आणि कुरियरने पाठवू."

मी म्हणालो, "पार्सल नाही."

"रजिस्टर करू ना, बाबा."

"पार्सल नाही!"

एकदा गेलं त्या वाटेने मी ते पुन्हा पाठवणार नव्हतो.

ई-मेलने पाठवून पाहिलं. फाइल दीड जीबीची. ई-मेलने घेतलीच नाही. गुलाब मागे उभा होता. म्हणाला, "क्यों भाई, सायकलवर केळीचा ट्रक लादतो का?"

माधुरीने रेखाच्या नवऱ्याला, सुधीररावांना लिहिलं. ते कॉम्प्युटरमधलेच. त्यांनी कळवलं, मी इथे एक जागा मोकळी करतो, नाव आणि किल्ली देतो, तुम्ही तिथे फाइल ठेवा. म्हणजे गोदामच की! फक्त इथून तिथे माल नेणारं सॉफ्टवेअर आपण बघायचं. फुकट मिळणारी खूप आहेत, घरच्या कॉम्प्युटरला झेपेल असं निवडा, असंही त्यांनीच लिहिलं.

मी सुधीररावांना एक अट घातली. रेखाला सांगायचं नाही. इकडे मी विष्णूला सांगणार नाही. मागच्या वेळी आधी सांगितलं होतं, म्हणून पोरगी महिनाभर उभी राहिली. पोहोच येईपर्यंत तोंड बंद.

गुलाब म्हणाला, "माझी गॅरंटी. पंडितची देत नाही."

*

पंडितच्या पोटात काही राहत नाही. तिसऱ्याच दिवशी विष्णू पायरीवर चप्पल काढत होता, तेवढ्यात याने सुरू केलं, "विष्णू, तुझी रेखा ना..."

गुलाबने समोरच्या फणीतलं केळं सोलून त्याच्या तोंडात कोंबलं.

विष्णूने विचारलं, "रेखाचं काय?"

पंडित चावत राहिला. आम्ही सगळे बघत राहिलो. शेवटी गिळून म्हणाला, "रेखा... ना... बारीक झाली असंल. तिकडं केळी मिळत नसतील."

विष्णू म्हणाला, "मिळतात." आणि बसला.

त्या दिवसापासून पंडित ओट्यावर आला की गुलाब आधी केळं सोलून ठेवायचा. पंडित म्हणायचा, "माझीच केळी, अन् मलाच दाबता!"

*

विष्णूला आम्ही सांगितलं होतं की माधुरीच्या शाळेचं काम आहे, मोठी फाइल पाठवायची आहे, सॉफ्टवेअर निवडायचंय. मग तोही निवडायला बसला. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

माधुरीने तीन उतरवून घेतली. नावं इंग्रजी, तोंडात बसेनात. आम्ही आमची ठेवली. पहिला ‘मुका’. नुसती काळी पाटी, सगळं टाइप करून सांगायचं, आणि काम झालं तरी चकार शब्द नाही. दुसरा ‘घाईवाला’. रंगीबेरंगी, बाजूला साबणाच्या जाहिराती, आणि उघडलं की आधी "झालं!" म्हणणार. तिसऱ्याला नाव नव्हतं. साधं, करडं, दोन खिडक्यांचं.

गोदामात नवा ट्रान्सपोर्टवाला आला की आम्ही त्याला खरा माल देत नसू. एका पेटीत विटा भरायच्या, सील करायची, पाठवायची. पेटी कशी पोचली ते बघायचं, मगच धंदा. मी म्हणालो, "इथेही आधी विटा पाठवा."

माधुरी म्हणाली, "विटांच्या जागी फोटो पाठवू." पंडितच्या शेतातल्या एका घडाचा फोटो होता. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा घड, बाजूला पंडित, लग्नातल्यासारखा उभा.

तिघांच्या हाती तोच फोटो एक-एक करून दिला. मुक्याचा आम्हाला आदेशच लिहिता आला नाही. तो बाद. घाईवाला चालला, मध्येच लाइट गेली. परत आली तेव्हा म्हणाला, "झालं!"

दुसऱ्या दिवशी, विष्णू यायच्या आधी, सुधीररावांचं उत्तर आलं. त्यांना जे मिळालं तेच त्यांनी परत पाठवलं होतं. वरचा घड अर्धा, खाली सगळं राखाडी. पंडित गळ्यापर्यंतच.

पंडित उठून उभा राहिला. "माझा घड अर्धा खाल्ला! अन् वर म्हणतो झालं? अशा माणसाला तर मी टोळीत घेत नव्हतो!"

गुलाब म्हणाला, "घडाचं सोड, तू अर्धा कॅनडात अडकलाय, त्याचं बघ!"

*

राहिलं दोन खिडक्यांचं.

माधुरी समजावत होती. डाव्या खिडकीत आपलं घर, उजव्या खिडकीत तिकडची जागा. इथून फाइल उचलायची, तिकडे सोडायची. खाली एक यादी. किती गेलं, किती राहिलं, काय अडकलं.

विष्णू चष्मा लावून पुढे झाला. बराच वेळ बघत होता. चार महिन्यांत बोलला नसेल इतकं एकदम बोलला.

"हेच ठेव, सूनबाई. डावीकडे आपलं डिस्पॅच रजिस्टर, उजवीकडे त्यांचं आवक. खाली अडकलेल्या मालाची यादी. आमच्या वेळी हे दोन्ही एकाला एका जागी बसून दिसलं असतं, तर..."

तिथे थांबला.

मग म्हणाला, "तर चांगलं झालं असतं."

मी पाणी प्यायला आत गेलो.

*

माल चढवायच्या दिवशी मी माधुरीला म्हणालो, "फाइल उचलायच्या आधी एकदा नीट बघून घे. गेली की गेली."

ती म्हणाली, "जात नाही, बाबा. इथेही राहते. तिकडे जाते ती नक्कल."

"म्हणजे माल पोचला तरी गोदामात माल तसाच?"

"तसाच."

"आणि वाटेत हरवला तर?"

"तर पुन्हा पाठवायचा. कितीही वेळा."

मी खुर्चीवर बसलो. गुलाब म्हणाला, "मुकादम, मग तीस साल आपण काय केलं?"

असं सोपं असू शकतं, हे त्या दिवशी मला आवडलं नाही.

*

बटण मी दाबणार, हे ठरलेलं होतं. ज्या हाताने हरवलं त्याच हाताने पाठवायचं. माउस हातात घेतला तर बाण सगळ्या पडद्यावर पळायला लागला. माधुरीने हात धरायला हात पुढे केला. मी म्हणालो, "नको." दहाव्या खेपेला फाइल उजव्या खिडकीत पडली. खाली हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकायला लागली.

दिवसभरात सव्वीस टक्के. दिवेलागणीला मी मशीन बंद करायला लावलं. दिवे लागल्यावर लोडिंग नाही, हा आमच्या गोदामाचा नियम.

माधुरी म्हणाली, "बाबा, इथे नियम कशाला? चालू राहू दे ना."

"नियम म्हणजे नियम."

बोललो आणि मलाच ते वाक्य ओळखीचं वाटलं. पण मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी माधुरीने पुन्हा चालू करून दिलं, आणि एकसष्ट टक्क्यांवर लाइट गेली. माधुरी शाळेत. लाइट आली. तिने शिकवल्याप्रमाणे मी मशीन चालू केलं, सॉफ्टवेअर उघडलं, फाइल उचलून उजवीकडे टाकली. एक पाटी आली. इंग्रजीत चार ओळी. मी चौथी शिकलोय, तीही मराठी. तिची वाट बघायला हवी होती. पण मुकादमाने कोणाची वाट बघायची? पहिली ओळ होती, खाली बटण होतं. दाबलं.

पट्टी शून्यावर गेली.

सगळं पहिल्यापासून. तिकडे पोचलेलं पुसलं आणि कोरं सुरू केलं.

माधुरी आली. मी सांगितलं, "माझ्याने चुकलं." हे दोन शब्द त्या घरात माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले असावेत, कारण ती पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

मग म्हणाली, "काही नाही, बाबा. माल इथेच आहे ना? परत चढवू."

संध्याकाळी गुलाबने ऐकलं. त्या दिवशी विष्णू दवाखान्यात गेला होता, म्हणून मोकळं बोलता आलं. गुलाब म्हणाला, "देडतलाईला माझा एक्सल तुटला होता, आठवतं? दोन दिवस केळीवर ओलं पोतं टाकून बसलो. पार्ट आला, बसवला, तिथूनच पुढे निघालो. परत बुऱ्हाणपूरला येऊन पहिल्यापासून निघालो का?"

माधुरी टाळी वाजवून म्हणाली, "काका, बरोबर! त्या पाटीवर तीच ओळ असते. जिथे बंद पडलं, तिथूनच पुढे. रिझ्यूम."

तिने तो शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहिला, खाली मराठीत लिहिलं ‘देडतलाई’, आणि कॉम्प्युटरला चिकटवला. त्यानंतर लाइट सात वेळा गेली. सातही वेळा मी एकट्याने ती ओळ शोधली आणि दाबली. मला इंग्रजीतला तेवढा एक शब्द वाचता येतो. त्याला मी देडतलाई म्हणतो.

*

सहाव्या दिवशी दुपारी पट्टी संपली. उजव्या खिडकीत फाइल दिसली. माधुरीने दोन्हीकडचे आकडे वाचून दाखवले. शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे.

ती म्हणाली, "झालं, बाबा!"

मी म्हणालो, "पोहोच?"

"ही काय. इथे लिहिलंय ना, ट्रान्सफर पूर्ण."

"ते पाठवणारा म्हणतो. घेणाऱ्याची सही लागते."

मी ट्रंकेतून ती बिल्टी काढली. १९८९ ची, विष्णूच्या अक्षरातली. एक नग, व्हिडिओ कॅसेट. पाठवणार विष्णू, घेणार रेखा. सहीची जागा वीस वर्षं कोरी. माधुरीने ती हातात घेतली. स्कॅन केली आणि तीही डावीकडून उजवीकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओरडली, "बाबा, इकडे या!" उजव्या खिडकीत एक नवीन फाइल होती, आम्ही न ठेवलेली. तिने ती उचलली आणि डावीकडे टाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पट्टी उलटी, तिकडून इकडे चालली.

प्रिंट निघाला. तीच बिल्टी. सहीच्या जागी रेखाची सही, आणि शेऱ्याच्या रकान्यात क्लार्कच्या पोरीने लिहिलं होतं, ‘एक नग. फुटतूट नाही.’

त्या दिवशी विष्णू साडेचारलाच आला. इतक्या वर्षांत तो वेळेआधी कधी आला नव्हता. पंडित आणि गुलाब ओट्यावर होते. पंडितने न सांगता स्वतःच एक केळं सोलून तोंडात घातलं.

विष्णू आत आला. म्हणाला, "रेखाचा फोन होता."

मी म्हणालो, "हं."

माधुरीने खुर्ची दिली आणि फाइल लावली. धूर, बायका, हळद. कमलवहिनीने कॅमेऱ्यावर पंजा ठेवला. "माझं काय काढतो रे मेल्या, पोरीकडे फिरव ना ते!"

विष्णू म्हणाला, "आवाज वाढतो का, बेटा?"

माधुरीने वाढवला. पुन्हा लावलं. मग पुन्हा.

चौथ्यांदा झाल्यावर मी प्रिंट त्याच्या पुढे केला. त्याने चष्मा पुसला. क्लार्क जसा वाचतो तसा वरपासून खालपर्यंत वाचला. नंबर, तारीख, नग, सही, शेरा.

"नंबर बरोबर आहे," म्हणाला.

उठला, टाचा उंचावून हात भिंतीवर नेला आणि कागद तारेत खोचला.